लायसन्सचे तेरा पॉइंट कोणाला किती पुरतात?

वेस्टमीडकर (सिडनी)

नमस्कार मंडळी. ईस्टर झाला की आमच्याकडे महिनाभर एकच चौकशी चालते, कोणाच्या घरी दंडाचं पाकीट आलं आणि किती पॉइंट गेले. यंदा हा विषय नीट चर्चेला घ्यावा असं वाटलं, म्हणून हा धागा.

इथली पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू साउथ वेल्समध्ये पूर्ण लायसन्सवर तीन वर्षांत १३ डिमेरिट पॉइंट (वाहतुकीच्या गुन्ह्यांचे उणे गुण) जमले की लायसन्स निलंबित होतं. नवशिक्यांना लाल पी प्लेटवर (प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या लायसन्सची पाटी) ४ आणि हिरव्या पी प्लेटवर ७ मिळतात. वेगमर्यादा १० किलोमीटरच्या आत ओलांडली तर १ पॉइंट, १० ते २० पर्यंत ३, २० ते ३० पर्यंत ४, पुढे ५ आणि ६. मोबाइल हातात किंवा मांडीवर दिसला की ५. लाँग वीकएंड, ईस्टर आणि नाताळच्या दिवसांत वेग, मोबाइल, सीटबेल्ट आणि हेल्मेट या गुन्ह्यांचे पॉइंट दुप्पट लागतात. हे १९९७ पासून चालू आहे. म्हणजे गुड फ्रायडेला मांडीवरच्या मोबाइलचा एक फोटो निघाला की १०, आणि दोन वर्षांपूर्वी कधीतरी साठच्या रस्त्यावर बहात्तरने गेल्याचे ३ आधीच खात्यावर असले की झाले १३. दोन चुकांत तीन महिने गाडी बंद.

पॉइंटची मूळ कल्पना मला मनापासून पटते. नुसता दंड असेल तर ज्याच्याकडे पैसा आहे त्याला तो जाणवतही नाही, आणि रात्री टॅक्सी चालवणाऱ्याचा मात्र दोन-तीन दिवसांचा घरखर्च जातो. पॉइंट पैशाने भरता येत नाहीत. सर्जनचे आणि सफाई कामगाराचे सारखेच जातात. एवढी समानता कुठल्याही दंडाच्या पावतीत नसते.

पण पुढे गाडं अडतं. ऑफिसला ट्रेनने जाणारा आणि शनिवारी मुलांना क्रिकेटला सोडणारा माणूस आठवड्याला चार-पाच तास गाडी चालवतो. टॅक्सी, कुरिअर किंवा ट्रकवाला पन्नास तास चालवतो. पहिल्याला १३ पॉइंट, दुसऱ्याला कायद्याने १४. दहापट तास रस्त्यावर आणि सवलत एका पॉइंटची! शिवाय पूर्ण लायसन्सवाल्याला या निलंबनाविरुद्ध कोर्टात अपील करता येत नाही. लाल-हिरव्या पीवाल्याला करता येतं, पंचवीस वर्षं नीट गाडी चालवलेल्याला नाही. माणसाची परिस्थिती ऐकून घेणारं कोणीतरी असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडे काय पद्धत आहे आणि ती न्याय्य वाटते का, हे जरूर लिहा.

अनघा_मेलबर्न

वेस्टमीडकर, तुमचा तासांचा मुद्दा मला नेमका उलटा दिसतो. जो पन्नास तास रस्त्यावर आहे त्याच्यापासून इतरांना धोकाही पन्नास तासांचा आहे. रोजची सवय असलेल्या माणसाकडून अधिक काटेकोरपणाची अपेक्षा ठेवायची की त्याला जास्त चुका माफ करायच्या?

मी पुनर्वसन विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. अपघातातून वाचलेली माणसं बातमीत 'किरकोळ जखमी' किंवा 'प्रकृती स्थिर' एवढ्यावर संपतात, आणि तिथून पुढची दोन-दोन वर्षं आमच्याकडे असतात. मानेखालची संवेदना गेलेला तरुण मुलगा, डोक्याला मार लागल्यामुळे स्वतःच्या बाळाचं नाव न आठवणारी आई. ताशी साठने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. मेसेज वाचायला तेवढेच लागतात. त्याला ५ पॉइंट मला जास्त वाटत नाहीत.

इतिहासही बघा. १९७० साली ऑस्ट्रेलियात रस्त्यांवर ३,७९८ माणसं मेली, तेव्हा लोकसंख्या होती जेमतेम सव्वा कोटी. आज लोकसंख्या दुपटीहून जास्त आहे आणि मृत्यू त्याच्या साधारण एक तृतीयांश. १९७० मध्येच आमच्या व्हिक्टोरियाने जगात सर्वांत आधी सीटबेल्ट सक्तीचा केला, १९७६ मध्ये रस्त्यावर कोणालाही थांबवून श्वासचाचणी सुरू केली. या प्रत्येक वेळी 'हा अन्याय आहे, सरकारला पैसा हवाय' अशी ओरड झालीच होती.

डबल डिमेरिटबद्दल, म्हणजे सुट्टीतल्या दुप्पट पॉइंटबद्दल, मात्र मी तुमच्या बाजूने आहे. व्हिक्टोरियात ते नाही. आमच्याकडे तीन वर्षांत १२ पॉइंट, आणि मंगळवारचा गुन्हा नि ईस्टरचा गुन्हा सारखाच. सुट्टीत गर्दी जास्त म्हणून पोलीस जास्त ठेवा, कॅमेरे जास्त लावा. पण तारीख बदलली म्हणून तीच चूक दुप्पट मोठी कशी होते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

रात्रपाळी (ब्लॅकटाउन)

अनघाताई, तुमचं बोलणं मी मान खाली घालून ऐकतो, कारण मी रोज रात्री ते प्रत्यक्ष बघतो. पहाटे तीनला मोटरवेवर उलटलेल्या गाड्या पाहिल्यात. मोबाइलवाल्याला माफी द्या असं आम्हा ड्रायव्हरांपैकी शहाणा कोणी म्हणणार नाही.

पण आमच्या धंद्याची एक गोष्ट ऐका. ज्या ॲपवर आम्ही काम करतो त्याचं भाडं मोबाइलच्या पडद्यावर येतं आणि काही सेकंदांत बोट लावलं नाही तर दुसऱ्याकडे जातं. मोबाइल स्टँडवर असेल तर पूर्ण लायसन्सवाल्याने नकाशासाठी वगैरे वापरला तर चालतो. पण स्टँड खड्ड्यात निसटला, मोबाइल मांडीवर पडला, उचलून परत लावताना वरून फोटो निघाला की ५. धावत्या गाडीत उत्तर द्यायला लावणारी व्यवस्था ज्यांनी केली त्यांना शून्य पॉइंट. पॉइंट फक्त माणसाच्या लायसन्सवर बसतो, काम ठरवणाऱ्यावर कधीच बसत नाही. माझ्या मते १३ की १४ या वादापेक्षा हे मोठं आहे.

आणि दुसरं, ज्यावर कोणी बोलत नाही: पाकीट उशिरा येतं. कॅमेऱ्याने आज पकडलं तर कळतं दोन-तीन आठवड्यांनी. आमच्या ओळखीच्या एका भल्या माणसाच्या नेहमीच्या रस्त्यावरची मर्यादा ६० ची ५० झाली. पाटी झाडाच्या फांदीआड होती. हा रोज त्याच रस्त्याने भाडी सोडायचा. पहिलं पाकीट हातात पडलं तोवर त्याच कॅमेऱ्याखालून तो आणखी तीनदा गेला होता, दर वेळी ३ पॉइंट. पाकिटं एकामागून एक आली. पॉइंट गुन्ह्याच्या तारखेपासून धरतात, पत्राच्या नाही. चार फोटो, १२ पॉइंट, आणि चूक म्हटली तर एकच, पाटी न दिसण्याची. पोलिसाने पहिल्याच दिवशी थांबवून सांगितलं असतं तर पुढचे तीन फोटो निघालेच नसते.

मोबाइलचे कॅमेरे आले तेव्हा डिसेंबर २०१९ पासून तीन महिने फक्त ताकिदीची पत्रं पाठवली होती, दंड १ मार्च २०२० पासून. तेव्हा सरकारला सुचलं होतं की आधी सांगावं, मग मारावं. त्याच वर्षाअखेरीस फिरत्या वेग-कॅमेऱ्यांच्या आधीच्या सूचनापाट्या काढून टाकल्या. लोकांनी दोन वर्षं आरडाओरडा केल्यावर जानेवारी २०२३ पासून परत आल्या.

मीनल_ब्रिस्बेन

क्वीन्सलँडमध्ये दुप्पट पॉइंट तारखेवर नाहीत, पुनरावृत्तीवर आहेत. मोबाइल किंवा सीटबेल्टचा तोच गुन्हा वर्षभरात परत केला तर ४ च्या जागी ८. मला हे कॅलेंडर बघून दुप्पट करण्यापेक्षा जास्त पटतं, कारण यात दुसऱ्यांदा चुकणाऱ्याला धरलंय. पण रात्रपाळींनी लिहिलंय ती अडचण इथेही तशीच लागू होते. पहिल्याची खबर मिळण्याआधी दुसरं झालं तर त्याला पुनरावृत्ती म्हणायचं का?

आमच्याकडचा खरा वाद सहप्रवाशाचा आहे. नोव्हेंबर २०२१ पासून तेच कॅमेरे सीटबेल्टही बघतात. शेजारी बसलेल्याने पट्टा काखेखालून घेतला तर तो 'नीट लावलेला नाही' म्हणून ड्रायव्हरला दंड, आता एक हजार डॉलरच्या वर, आणि ४ पॉइंट. भारतातून आलेले आईबाबा लांबच्या प्रवासात पुढच्या सीटवर बसतात. आईला पट्टा मानेला घासतो, डोळा लागला की झोपेत ती तो खाली सरकवते. मुलगा शंभरच्या वेगाने हायवेवर, नजर समोर. त्याने नजर समोर ठेवली हा त्याचा गुन्हा झाला का? माझ्या ओळखीच्या दोन घरांत हे घडलंय. बारा वर्षांचं मूल असेल तर जबाबदारी ड्रायव्हरची, हे शंभर टक्के मान्य. पण साठीच्या माणसाच्या झोपेतल्या हाताचे पॉइंट दुसऱ्याच्या लायसन्सवर टाकणं मला पटत नाही. त्यांच्याकडून दंड घ्या हवा तर.

आई-बाबांना घेऊन फिरणाऱ्यांनी खांद्याजवळचा पट्ट्याचा अडकवा खाली करून घ्या. बहुतेक गाड्यांत तो वरखाली होतो, मानेला घासणं बंद होतं.

रीडिंगकर (इंग्लंड)

वेस्टमीडकर, तुम्हाला कोर्टात ऐकून घेणारं कोणीतरी हवंय. आमच्याकडे ते आहे, आणि त्याचं काय होतं ते सांगतो.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की किमान सहा महिने बंदी. पण मॅजिस्ट्रेटसमोर 'असाधारण हालअपेष्टा' होतील हे पटवलं तर बंदी टळू शकते. नोकरी जाईल, आजारी आईला दवाखान्यात कोण नेणार, कंपनीतले दहा जण बेकार होतील, असं सांगायचं असतं. कल्पना दयाळूपणाची आहे यात शंका नाही. पण ते सांगायला चांगला वकील लागतो, कागद लागतात, अस्खलित इंग्रजी लागतं. स्वतःची कंपनी असलेला माणूस 'माझ्यावर दहा घरं अवलंबून आहेत' म्हणू शकतो. गोदामात रात्रपाळी करणाऱ्यावर एकच घर अवलंबून असतं, स्वतःचं, आणि ते तर प्रत्येकाचंच असतं म्हणून त्यात 'असाधारण' काही नाही. पॉइंटमध्ये तुम्हाला जी समानता आवडते ती या खिडकीतून बाहेर जाते. मी तरी असं अपील मागणार नाही.

नव्यांसाठी नियम फार कडक आहे. परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा दोन्ही पुन्हा. मार्च २०१७ पासून मोबाइलचे पॉइंटच ६ आहेत, त्यामुळे नव्या मुलाला दुसरी संधी नाही.

आणि पॉइंट दुसऱ्याच्या नावावर टाकण्याचा विषय निघणारच, म्हणून आधीच लिहितो. क्रिस ह्यून हे इथले माजी कॅबिनेट मंत्री. २००३ साली वेगाचा गुन्हा त्यांचा, पॉइंट घेतले तेव्हाच्या पत्नी विकी प्राइस यांनी. घटस्फोटानंतर प्रकरण उघडं पडलं आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. गुन्हा वेगाचा राहिला नाही, न्यायात अडथळा आणल्याचा झाला. आपल्या लोकांत 'बाबा भारतातच असतात, त्यांच्या नावावर टाकू' असले सल्ले सहज दिले जातात. कृपा करून हा सल्ला कोणी देऊ नका आणि कोणी घेऊ नका.

केदार_स्टुटगार्ट

मला वाटतं वेस्टमीडकर आणि रात्रपाळी या दोघांच्या प्रश्नाला जर्मनीत निम्मं तरी उत्तर सापडेल.

इथे सगळ्या देशाची पॉइंटची नोंद उत्तरेकडे फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावात असते. १ मे २०१४ पासून नवी पद्धत आहे. आधी १८ पॉइंटवर लायसन्स जायचं, आता ८ वर जातं. ऐकायला कडक वाटतं, पण त्याच वेळी पॉइंट कशाला लागतात ती यादीच छाटली. मोटारीने मर्यादेपेक्षा २० किलोमीटरपर्यंत जास्त वेग असेल तर फक्त दंड. पॉइंट २१ पासून पुढे. तुमच्याकडे साठच्या रस्त्यावर पासष्टने गेलं तरी १ पॉइंट, इथे नाही. पॉइंट हे धोकादायक वागण्याचं माप आहे, बारीकसारीक चुकांचं नाही, असा त्यामागचा विचार.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. ४ किंवा ५ पॉइंटला लेखी समज येते. ६ किंवा ७ ला लेखी इशारा येतो. आणि या पायऱ्या गाळून थेट लायसन्स काढून घेता येत नाही. एखाद्याचे पॉइंट एकदम जमले आणि कार्यालयाने मधली पायरी घेतलीच नसेल, तर त्याचे पॉइंट कमी करून त्याला आधी त्या पायरीवर आणावं लागतं, हे कायद्यातच लिहिलंय. म्हणजे शिक्षेआधी सांगण्याची जबाबदारी सरकारवर आहे. ५ पॉइंटपर्यंत स्वेच्छेने एक वर्ग केला तर १ पॉइंट कमी होतो, पाच वर्षांतून एकदा. वर्गाचे पैसे मात्र खिशातून जातात, आणि ते थोडे नाहीत.

सगळं आदर्श आहे असं नाही. ऑटोबानवर मागून अंगावर येऊन दिवे मारणाऱ्यांना कॅमेरा क्वचितच पकडतो. जे मोजता येतं तेच मोजलं जातं, ही तक्रार इथेही आहे.

कोथरूड_निवासी

वाचून हेवा वाटला की तुम्ही १३ की १४ यावर वाद घालू शकता. आपल्याकडेही पॉइंट आणायचे असं अधूनमधून पेपरात येतं. मी ट्रान्सपोर्टच्या व्यवसायात आहे, म्हणून त्या अंगाने लिहितो.

पहिलं म्हणजे लायसन्सवर कारवाई आपल्या कायद्यात नाही असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १९ आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुचाकीवर हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र, हे कलम १९४ड. आता सकाळी नऊला कर्वे रस्त्यावर उभे राहा आणि मोजा. हे कलम सरसकट लावलं तर दुपारपर्यंत अर्ध्या पुण्याचं लायसन्स जाईल. म्हणून ते लावलं जात नाही, आणि लावलं जातं तेव्हा कोणाला लागेल याचा भरवसा नाही. जो नियम कधीतरीच आणि कोणालातरीच लागतो तो न्याय्य असूच शकत नाही, मग तो कागदावर कितीही चांगला असो.

दुसरं, आपलं ई-चलान गाडीच्या नंबरावर फाटतं. मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो. गाडी कोण चालवत होतं हे कोणी विचारत नाही. चलानं साठतात आणि लोकअदालतीत तडजोडीने कमी पैशात मिटतात. पॉइंट आणायचे तर आधी चालवणारा कोण हे ठरवावं लागेल. इथे मला भीती वाटते. टेम्पो मालकाचा, माल व्यापाऱ्याचा, 'वाशी मार्केटला पहाटे चारच्या आत पोच' हे फर्मान त्यांचं, आणि पॉइंट बीडहून आलेल्या ड्रायव्हरच्या लायसन्सवर. एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ पासून नवी कॅमेरा यंत्रणा आली, ती घाटातही वेग मोजते. चांगलं आहे, तिथे वेग आवरायलाच हवा. पण मालकाला शिक्षा नसेल तर तो लायसन्स गेलेल्या ड्रायव्हरला काढेल आणि दुसरा ठेवेल, किंवा त्यालाच बिनलायसन्सचा ठेवेल. रात्रपाळींनी ॲपबद्दल जे लिहिलंय ते आमच्याकडे ॲप नसतानाही तसंच आहे.

शारजाचा_विनय

यूएईत २४ काळे पॉइंट झाले की लायसन्स जप्त, पहिल्यांदा तीन महिने. पण शाळा उघडण्याच्या दिवशी 'अपघातमुक्त दिन' असतो. ऑनलाइन शपथ घ्यायची, त्या दिवशी एकही गुन्हा करायचा नाही, ४ पॉइंट कमी. माझ्या ओळखीचे झाडून सगळे ड्रायव्हर ती शपथ घेतात आणि तो दिवस खरंच जपून चालवतात. परत मिळवायची वाट ठेवली की माणूस प्रयत्न करतो.

अनघा_मेलबर्न

रात्रपाळी, चार फोटोंची हकिगत वाचून मी थांबले. दवाखान्याच्या बाजूने बघितलं तरी मला हवंय काय, तर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी हळू जावं. तीन आठवड्यांनी आलेल्या पाकिटाने मधल्या तीन आठवड्यांत कोणाचाही जीव वाचत नाही. मेसेज त्याच संध्याकाळी का जाऊ नये? माणसाने फोटो तपासायला दोन दिवस लागतील, तीन लागू देत.

व्यावसायिकांना जास्त पॉइंट द्यायला मात्र माझा विरोध कायम आहे.

वेस्टमीडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रीडिंगकरांनी लिहिलेलं वाचून कोर्टाची मागणी मी मागे ठेवतो. हालअपेष्टा पटवून देण्याची ताकद ज्याच्याकडे असते त्याला तिची गरज सहसा कमी असते, हे इथल्या लोकांतही दिसतं. त्यापेक्षा केदारची पायऱ्यांची पद्धत हवी. निलंबनाआधी एक लेखी इशारा बंधनकारक, आणि पहिली सूचना पोचायच्या आत त्याच जागी झालेल्या त्याच प्रकारच्या चुकांचे पॉइंट एकदाच. दंड हवा तर चारही घ्या. सराईत माणसाला यातून पळवाट मिळणार नाही, कारण पत्र पोचल्यावर त्याची सबब संपते.

विनयने लिहिलेल्या वाटेसारखं इथेही थोडं आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालं: वर्षभर एकही गुन्हा नसेल तर १ पॉइंट परत, आणि पुढे मुदत वाढवली. पण त्यातही तासांचा प्रश्न येतोच. वर्षभर पन्नास तासांचे आठवडे निष्कलंक चालवणं आणि शनिवारपुरती गाडी काढून निष्कलंक राहणं यांना बक्षीस एकच. अनघाताई, जास्त पॉइंट नकोत तर नकोत, पण परत मिळवताना तरी धंद्यातल्या माणसाचे तास धरावेत, यावर विचार करा.

आमच्या भागातल्या आमदारांना यावर पत्र लिहितोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा.

पूर्वा_सेव्हनहिल्स

मध्येच विचारते, राग मानू नका. नवऱ्याला १३ पॉइंटचं पत्र आलंय. त्यात दोन पर्याय लिहिलेत, तीन महिने निलंबन किंवा एक वर्ष चांगल्या वर्तणुकीचं लायसन्स. कोणी म्हणतं भारतात जाऊन या तीन महिने. काय करावं?

रात्रपाळी (ब्लॅकटाउन)

पूर्वाताई, आधी पत्रातली तारीख बघा. वर्तणुकीचा पर्याय निलंबन सुरू होण्याच्या तारखेआधी निवडावा लागतो, नंतर मिळत नाही. तो घेतला तर पुढचे १२ महिने २ पॉइंट झाले की दुप्पट, म्हणजे सहा महिने निलंबन. १ झाला तर निभावतं, पण डबल डिमेरिटच्या दिवशी १० च्या आतला वेगसुद्धा २ धरतात, म्हणून लाँग वीकएंडला शक्यतो ट्रेन.

ज्यांना पगारी रजा आहे ते निलंबन घेऊन तीन महिने गावी जाऊन येतात, त्यांना ते सोपं पडतं. तुमच्याकडे गाडीवर पोट असेल तर वर्तणुकीचं घ्या आणि गाडीत वेगमर्यादा ओलांडली की वाजणारं नकाशाचं ॲप आजच चालू करा. शाळेसमोर सकाळी आठ ते साडेनऊ आणि दुपारी अडीच ते चार ४० ची मर्यादा असते. तिथे १० च्या आत चुकलं तरी थेट २ जातात, एरवी १ जातो. नवऱ्याचा कामाचा रस्ता शाळेवरून असेल तर रस्ताच बदलायला सांगा.